पुजलेले व्हॉल्व्ह

नवमीच्या सकाळी मी रघू मेस्त्रीच्या गॅरेजात पाय ठेवला, तर माझ्या जीपचे व्हॉल्व्ह देव होऊन बसले होते.

चौरंगावर लाल कापड, कापडावर तांदळाची रास आणि राशीभोवती गोलात आठ व्हॉल्व्ह, रुंद तोंड खाली, दांडी वर. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, प्रत्येकाच्या पायाशी झेंडूचं फूल. बाजूला नट खोलायचे पाने, हातोड्या, पक्कड, स्प्रिंग दाबायचा शिकंजा, सगळी हत्यारं ओळीने निजवलेली. इंजिनाचं हेड चौरंगावर उचलून ठेवणं जमलं नसावं, म्हणून ते लोखंडी टेबलावरच होतं, पण हार त्यालाही होता. मागे माझी जीप बॉनेट वासून उभी. तिला नुसती आंब्याची डहाळी.

"रघूदादा, हे काय?"

रघू मेस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांड्यांवर ठेवून. एरवी कोपरापर्यंत काळा असणारा हा माणूस इतका स्वच्छ झाला होता की ओळखू येईना. त्याने फक्त बायकोकडे मान केली.

"खंडेनवमी नाय आज?" सखूवहिनी म्हणाल्या. "सगळा धुवून पुसून पूजेला लावला. तुझे ते खिळे पन घासले राखेनं. बग कसे चकचकतायत."

"आणि पुठ्ठा?"

"कुठला पुठ्ठा?"

"रघूदादाने ज्यात खोवून ठेवले होते तो पुठ्ठा, वहिनी!"

"तो होय. तेलकट घान होता. बंबात घातला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा राग नाकावरच असतो, तो काही कोणाला नवा नाही. पण त्या दिवशी रागाच्या खाली भीती होती आणि ती जास्त वाईट.

भीती कशाची, ते सांगते. जीप माझ्या बाबांची, जानूची. देवरुखच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची बौद्धवाडी. एसटी येते सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या साऱ्या दिवसाला बाबांची जीप. मग बाबांचा गुडघा गेला, क्लच दाबला की चेहरा पिळवटायचा. मी तेव्हा मुंबईला एका कुरिअरच्या गोदामात होते, तिथे टेम्पो चालवायला शिकले होते. नोकरी सोडली, घरी आले आणि म्हटलं, गाडी मी चालवते. बाबा "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. तरी मी चालवायला लागले. बायका बसायच्या, पुरुष एसटीची वाट बघायचे.

पावसाळा सरता सरता जीपचा दम गेला. घाटात पहिल्या गिअरमध्येसुद्धा धापा टाकायची. रत्नागिरीला आणून रघू मेस्त्रीला दाखवली, त्याने हेड खोललं. धूर बाहेर सोडणारे चारही व्हॉल्व्ह जळालेले आणि ते जिथे टेकतात त्या सीटा खोल गेलेल्या. त्याने फोनवर दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे सीटांच्या नव्या रिंगा मागवायच्या, त्या येणार दसऱ्यानंतर. दुसरी म्हणजे त्याच सीटा कापून रुंद करायच्या आणि एका साइजने मोठे व्हॉल्व्ह बसवायचे.

"पन एक हाय," तो म्हणाला. "एकदा कापला की जुन्या मापाचा व्हॉल्व्ह ह्या हेडात परत बसनार नाय. घरी इचारून सांग."

मी विचारलं नाही. तिथल्या तिथे म्हटलं, "काप."

बाबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. ताटातलं सगळं संपवलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "इंजिन माझा. मला इचारलंस?" पंच्याला हात पुसत पुढे म्हणाले, "दसऱ्याला वाडी न्यायची हाय रत्नागिरीला. त्या दुपारी गाडी विहारासमोर येऊन उभी ऱ्हायली तर ठेवू. नायतर रावजी मागतोय, त्याला देऊन टाकू."

रावजी म्हणजे देवरुखचा जुन्या गाड्या घेणारा. तो वर्षभर बाबांच्या मागे होता. गाडी गेली की मी परत गोदामात, परत खोक्यांवर चिकटपट्ट्या मारत. मला ही गाडी हवी होती. इतकी हवी होती की रात्री कूस बदलताना माझा पाय आपोआप क्लच दाबायचा.

आणि दसरा म्हणजे आमचा मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. दरवर्षी सगळी वाडी पांढरे कपडे करून रत्नागिरीच्या कार्यक्रमाला उतरते. तो दिवस आता एका रात्रीवर आला होता आणि माझे व्हॉल्व्ह झेंडूत बसले होते.

"आता कुठला कुठे बसायचा ते कसं कळणार?" मी रघूदादाला विचारलं.

"नाय कळनार," तो म्हणाला.

व्हॉल्व्ह नुसता भोकात घालून चालत नाही. पेस्ट लावून तो आपल्या सीटेवर घासायचा, दोघांची गाठ अशी पडेपर्यंत की मधून हवासुद्धा जाऊ नये. मग तो व्हॉल्व्ह त्याच सीटेचा. म्हणून रघूदादाने अष्टमीच्या संध्याकाळी आठही घासून पुठ्ठ्याच्या भोकांत क्रमाने खोवून ठेवले होते. आत घेणारे चार मोठे, बाहेर सोडणारे चार लहान, एवढं वेगळं काढता येत होतं. पण चारांतला पहिला कोण आणि तिसरा कोण, हे वहिनींच्या राखेबरोबर गेलं होतं.

"म्हणजे परत घासायचे. घ्या चला, बसू या," मी म्हटलं आणि चौरंगाकडे वळले.

"शिवू नको!" वहिनी ओरडल्या.

माझा हात हवेत राहिला. ह्या शब्दाला आमच्या घरात फार जुना वास आहे. माझ्या आजीने तो विहिरीवर ऐकलेला, बाबांनी शाळेत. मी आतापर्यंत तोंडावर कधी ऐकला नव्हता. मी वहिनींच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "का? मी शिवलं तर काय होईल?"

वहिनी बघतच राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगो बाय, तसा नाय गो. ह्यांनाच नाय शिवू दिला मी! इचार. सकाळपासून बसवून ठेवलाय त्या स्टुलावर. आज हत्याराला हात नाय लावायचा. उद्या उजाडता उत्तरपूजा, मग काय ता करा."

रघूदादाने मान हलवली. "मघाशी नुसता पाना सरळ करायला गेलो, तर मनगटावर चापट."

तो खरं बोलत होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. माझा राग थोडा खाली बसला, सगळा नाही. तो शब्द एकदा कानात गेला की लगेच बाहेर पडत नाही.

"उद्या उजाडल्यावर घासायला बसलात तर हेड कधी चढवणार आणि मी वाडीवर कधी पोचणार?" मी विचारलं.

"दुपार टळंल," रघूदादा म्हणाला. "घासायचाच चार-पाच तासांचा काम हाय."

मी गॅरेजात फेऱ्या मारायला लागले. दारापर्यंत जायचं, रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या, परत यायचं. फोन काढायचा, कोणाला करावा ते सुचायचं नाही, परत खिशात. उदबत्ती संपली, वहिनींनी दुसरी लावली. दुसऱ्या गॅरेजात जावं म्हटलं तर आज कुठल्या गॅरेजात हत्यार उचलणार होते? साऱ्या रत्नागिरीत पाने निजले होते.

फिरता फिरता मी चौरंगापाशी थांबले.

"वहिनी, आज पूजा कोणाच्या हत्याराची?"

"आपापल्या. ज्याचा त्यानं पुजायचा."

"मग हे व्हॉल्व्ह कोणाचे?"

वहिनींनी उदबत्तीची राख झटकली.

"हे मेस्त्रींचं हत्यार नाही. हे माझ्या गाडीचे भाग आहेत. हेडसुद्धा माझं. तुम्ही माझ्या वस्तू मला न विचारता तुमच्या पूजेला लावल्या. मी परत मागतेय."

"पन पूजा झालेय त्यांची..."

"माझ्याकडून नाही झाली. आमच्यात ही पूजा नाही. मला कसली आडकाठी?"

रघूदादा स्टुलावर पुढे सरकला. मला वाटलं रागावला, पण तो हसू दाबत होता. "सखू, पोरगी बरोबर बोलतेय. गिऱ्हाइकाचा माल हाय तो."

वहिनींनी चौरंगाकडे बघून हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "घे. तुझा तू उचल. पन ह्यांच्या हत्यारातला एक पन मिळनार नाय हां."

मी व्हॉल्व्ह एकेक उचलले. हेडाचा हार काढून जीपच्या आरशाला अडकवला.

आता घासायचे कशाने? घासायची दांडी, तिच्या टोकाला रबरी वाटी असते, ती पूजेत. शिकंजा पूजेत. पेस्टची डबी मात्र फळीवर राहिली होती. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि ही काही हत्यार नव्हे असा निकाल दिला. मग रघूदादा बसल्या जागेवरून म्हणाला, "तुझ्या पिशवीत तो बदललेला डिझेल रिटर्नचा जुना रबरी पाइप हाय ना? त्याचा वीतभर तुकडा काप. व्हॉल्व्हची दांडी हेडातून खाली निघते, तिच्यावर चढव. आनि दोन्ही तळव्यांत धरून फिरव. मधे मधे उचल, जागा बदल, परत फिरव."

हेड दोन उंच ठोकळ्यांवर उलटं ठेवलं आणि बसले. ताक करताना रवी फिरवतात तसा पाइप तळव्यांत फिरवायचा. खर्र खर्र, खर्र खर्र. पहिल्या पाच मिनिटांत तळवे तापले. दहा मिनिटांत मला उठून बाहेर जावंसं वाटलं. मला एका जागी बसायची सवय नाही, गाडीत बसते ते गाडी चालते म्हणून. इथे सगळं जागच्या जागी फिरत होतं.

"दाबू नको," रघूदादा म्हणाला. "जोर लावलास तर खड्डा पडंल. आवाज ऐक. खरखर गेली पायजे."

त्याचा हात पुढे यायचा, वहिनी "अहो!" म्हणायच्या, हात मागे जायचा. शेवटी तो स्वतःच्या हातांवर बसला. मी बसून अस्वस्थ आणि तो न करता अस्वस्थ, अशी आमची दोघांची जत्रा. मध्येच वहिनी चहा देऊन गेल्या. कप माझ्या हातात द्यायच्या आधी त्यांनी पदराने पुसला. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती आणि मी तो मुकाट्याने प्यायले.

दुपारी बाबांचा फोन आला.

"रावजी आलाय. अंगनात बसलाय. काय सांगू?"

"उद्या दुपारी गाडी विहारासमोर असेल, सांगा."

"हेड चढला?"

मी समोर बघितलं. हेड ठोकळ्यांवर, तीन व्हॉल्व्ह झालेले, पाच वर्तमानपत्रावर. "चढेल," मी म्हटलं.

"बघू," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पुढचा व्हॉल्व्ह इतक्या जोरात फिरवला की रघूदादा जवळजवळ उठलाच.

आठवा होईस्तोवर उन्हं कलली होती. माझ्या दोन्ही तळव्यांवर फोड. मला वाटलं, सुटले. पण तो म्हणाला, "आता तपासायचे. सीटेवर सगळीकडनं टेकतोय की नाय ते बगायला निळी लागते. निळीची ट्यूब पेटीत हाय." आणि पेटी चौरंगाखाली, फुलांत.

"दुसरा कुठला रंग?"

"बारीक पायजे. आनि तेलात कालवला पायजे."

वहिनी आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा आणि खोबरेल घेऊन आल्या. काही न बोलता त्यांनी वाटीत कुंकू कालवलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "ह्या चालंल काय बग."

चाललं. व्हॉल्व्हच्या कडेला कुंकवाचा पातळ हात फिरवायचा, सीटेवर ठेवायचा, हलकेच टेकवून उचलायचा. सीटेवर लाल वर्तुळ उमटतं. अखंड उमटलं तर झालं. वहिनी शेजारी उकिडव्या बसून बघू लागल्या. एक अखंड. दोन अखंड. आमच्या दोघींची डोकी हेडावर वाकलेली, आदळतील इतकी जवळ. सहावा ठेवला आणि उचलला, तर वर्तुळाला एका बाजूला नखाएवढी फट.

"एवढं चालेल," मी म्हटलं. खरंच म्हटलं. मला त्या पाइपचा, त्या खर्र आवाजाचा, स्वतःच्या तळव्यांचा वीट आला होता.

"गाडी तुझी हाय," रघूदादा म्हणाला.

गोष्ट तिथेच थांबली असती तर मी सोडलं असतं कदाचित. पण वहिनी म्हणाल्या, "फट ऱ्हायली तर काय व्हता?" आणि मला सांगावं लागलं की त्या फटीतून आग जाते, तिथूनच व्हॉल्व्ह जळायला लागतो आणि एक दिवस घाटात दम जातो. सांगता सांगता माझा मलाच राग आला. फोडांवर फडकं बांधलं आणि सहावा परत घासायला घेतला. तिसऱ्या खेपेला वर्तुळ पुरं झालं. वहिनींनी टाळी वाजवली आणि लाजल्या. मग पेस्ट आणि कुंकू दोन्ही डिझेलने धुऊन काढलं, पुसून घेतलं. त्या रात्री मी तिथेच राहिले. वहिनींनी मला आपल्या शेजारी अंथरूण घातलं.

दसऱ्याला उजाडता वहिनींनी उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या." रघूदादा हत्यारांवर असा तुटून पडला की पानेसुद्धा घाबरले असतील. स्प्रिंगा, गॅस्केट, हेड, नट क्रमाने आवळले, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट जुळवले. मी वस्तू हातात देत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. तो वैतागून म्हणाला, "त्या घड्याळाचा पन हेड खोलू काय?"

चावी फिरवली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक ठसका. तिसऱ्यांदा इंजिन बोललं आणि बोलतच राहिलं, एका लयीत. मी रडले, तेही सगळ्यांसमोर. वहिनी म्हणाल्या, "आता जा गो, उशीर व्हईल." जीपवर त्यांनी आपट्याची दोन पानं ठेवली, ती वाऱ्याने लगेच उडून गेली.

देवरुखपर्यंत मी गाडीला जपून आणली, नव्या कामाला ताण देत नाहीत. पुढे वाडीचा चढ लागला. जिथे ती पहिल्यात धापा टाकायची तिथे दुसऱ्यात चढली, आणि मधल्या सपाटीवर तिसरा मागायला लागली. मोठ्या मापाचे व्हॉल्व्ह पोटभर श्वास सोडत होते. मी एकटीच होते, म्हणून मोठ्याने ओरडले.

विहारासमोर सगळी वाडी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. पोरांच्या हातात निळे झेंडे. रावजी मोटारसायकलला टेकून बाजूला. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, बॉनेटकडे बघितलं आणि बाबांना "फोन करतो" म्हणून निघून गेला. गाडी बंद करून मी उतरले. बाबा पुढे आले. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी हात पुढे केला.

"चावी दे. आज मी चालवतो. मानसा भरायचीत, घाट उतरायचा हाय. लोकांना बरा वाटंल."

रागाने बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते मायेने बोलले. एवढं सगळं करून मी गाडी वाडीपर्यंत आणून द्यायची आणि आजच्या दिवशी बाजूला बसायचं? मी चावी मुठीत धरली. फोड दुखले.

"नाही देणार, बाबा."

पोरांचे झेंडे खाली आले.

"आठही व्हॉल्व्ह मी घासलेत. तुम्हाला न विचारता माप वाढवलं, त्याचा राग धरा. पण हे इंजिन आता वेगळं आहे. ह्याचा आवाज मला कळतो, तुम्हाला नवा आहे. आणि तुमच्या गुडघ्याने घाटात क्लच नाही दाबला जाणार, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मागे बसा."

बाबांनी हात खाली घेतला नाही. मी चावी दिली नाही. तेवढ्यात चिमाआत्या, बाबांची थोरली बहीण, मागचं दार उघडून आत चढली आणि आतून ओरडली, "जानू, बस की रे! कार्यक्रम काय तुमच्या भांडनासाठी थांबनाराय?"

बाबांनी एकदा बॉनेटवर हात ठेवला, आतली थरथर अजून लागतेय का बघावं तसा. मग मागे जाऊन आत्याजवळ बसले.

उतारावर त्यांचं सुरू झालं. "दुसरा टाक." "हॉर्न दे." "डावीकडनं घे, गटार हाय." मी "हो" म्हणत होते आणि दात आवळत होते. दोन वळणं गेली, तीन गेली आणि मागून आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, दुखावले. चावी द्यायला हवी होती का, असं मनात येऊन गेलं. मी आरशात बघितलं.

बाबांचं डोकं चिमाआत्याच्या खांद्यावर होतं. तोंड थोडं उघडं. ते झोपले होते. घाटात, भरल्या गाडीत, दुसऱ्याच्या हाती चाक असताना.

त्यांच्या खिशात फोन वाजला. आत्याने तो काढून, नाव बघून, त्यांच्या कानाला लावला. बाबा डोळे न उघडता बोलले.

"कोन? हां, रावजी... नाय रे. गाडी नाय सुटायची आता. चालवायला मानूस हाय तिला." थोडं थांबले. "डोळा लागलेला माझा. ठेव."

आत्याने फोन त्यांच्या खिशात परत घातला, आणि बाबा पुन्हा झोपले.